५७ टक्क्यांच्या आजूबाजूला

जुलै २०२० संपता संपता मुंबईतल्या करोनाच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या लाखाच्या थोडी पुढे गेली होती. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या होती एक कोटी चोवीस लाख. म्हणजे सरकारी नोंदीप्रमाणे शंभरात जेमतेम एकाला लागण झालेली. त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरा एक आकडा जाहीर झाला आणि पहिला आकडा एकदम परका वाटू लागला. शहरातल्या तीन विभागांमधल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांच्या रक्तात करोनाविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, सापडल्या होत्या. त्याच विभागांतल्या इमारतींमध्ये, पालिकेच्या भाषेत ‘बिगर झोपडपट्टी’त, हे प्रमाण १६ टक्के होतं.

हे पहिलं सेरो सर्वेक्षण. मुंबई महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) यांनी इतर काही संस्थांच्या मदतीने ते जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात केलं. विभाग तीन होते: आर उत्तर, म्हणजे बोरिवलीला लागून असलेलं दहिसर, एम पश्चिम, म्हणजे घाटकोपरच्या दक्षिणेचा चेंबूर-टिळकनगरचा भाग, आणि एफ उत्तर, म्हणजे माटुंगा, शीव, वडाळा. रक्ताचे नमुने मिळाले ६,९३६.

तेव्हा घराघरांत विचारला गेलेला प्रश्न अगदी रास्त होता. या विभागांत लाखो लोक राहतात, रक्त घेतलं सात हजारांहून कमी जणांचं. उरलेल्यांच्या अंगात काय आहे ते कुणी पाहिलं? मग ‘५७ टक्के’ कशाच्या बळावर म्हणायचं?

शीत आणि पातेलं

याचं अर्धं उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. भात शिजला का हे पाहायला आपण एक शीत दाबून बघतो. पातेलं चार माणसांचं असो की लग्नघरातलं हंड्याएवढं, लग्नघर आहे म्हणून कुणी मूठभर शितं चाचपत बसत नाही. पातेल्याच्या आकाराने परीक्षेत फरक पडत नाही.

सर्वेक्षणातही तसंच आहे, आणि बहुतेकांना पटायला सर्वांत अवघड जाते ती हीच गोष्ट. मुलुंडचा टी विभाग २०११ मध्ये साडेतीन लाखांच्या आतबाहेर होता. महाराष्ट्र सव्वाअकरा कोटींचा. मुलुंडमधून नीट निवडलेली एक हजार माणसं मुलुंडबद्दल जितक्या अचूकतेने सांगतील, जवळजवळ तितक्याच अचूकतेने महाराष्ट्रातून नीट निवडलेली एक हजार माणसं महाराष्ट्राबद्दल सांगतील. अचूकता ठरते ती किती जणांना विचारलं यावर. ते एकूण लोकसंख्येच्या किती टक्के होते, याचा हिशेबाशी फारसा संबंध येत नाही.

पण भाताचं उदाहरण इथून पुढे तुटतं, आणि कुठे तुटतं ते पाहणं महत्त्वाचं आहे. एका पातेल्यातली सगळी शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजतात. एक शीत बाकीच्यांसारखंच असतं, म्हणून एक पुरतं. माणसं अशी नसतात. गल्लीतल्या शंभरांत काहींना लागण झालेली असते, काहींना नसते. कुणाला झाली ते बाहेरून दिसत नाही. म्हणून एका माणसावर भागत नाही, शेकड्यांनी माणसं लागतात. आणि ती निवडताना प्रत्येकाला निवडलं जाण्याची ठरावीक, आधी माहीत असलेली संधी मिळावी लागते. निवड सर्वेक्षकाच्या मर्जीवर किंवा सोयीवर सोडायची नाही, ती नशिबावर सोडायची. यालाच यादृच्छिक किंवा रँडम निवड म्हणतात.

सकाळी नऊ वाजता अंधेरी स्टेशनच्या पुलावर उभं राहून हजार जणांना ‘कामाला लोकलने जाता का?’ असं विचारलं, तर उत्तर काय येणार हे विचारण्याआधीच ठाऊक असतं. मतदारयादीतून डोळे मिटून काढलेले हजार पत्ते गाठले, तर मिळणारं उत्तर अंधेरीचं असेल. पुलावर हजारऐवजी लाख माणसं थांबवली तरी ते उत्तर पुलाचंच राहतं.

नशिबाचं माप

निवड नशिबावर सोडली की एक फायदा होतो: नशिबाची लहर किती मोठी असू शकते हे मोजता येतं.

समजा एखाद्या वस्तीत खरोखरच बरोबर निम्म्या लोकांना लागण झालेली आहे. तिथून १०० जण रँडम निवडले तर त्यांत नेमके ५० बाधित क्वचितच निघतील. कधी ४७, कधी ५४. साधारणपणे पाचेक जणांचा फरक पडतो. १०० च्या जागी १०,००० जण निवडले तर ५,००० च्या आसपास साधारण ५० जणांचा फरक पडेल. फरक पाचाचा पन्नास झाला, दहापट वाढला. पण माणसं शंभरपट वाढली. त्यामुळे टक्क्यांत पाहिलं तर ५ टक्क्यांची लहर अर्ध्या टक्क्यावर आली. एका बाजूला जास्त आलेले दुसऱ्या बाजूच्या कमी आलेल्यांना खोडून काढतात, आणि माणसं जितकी जास्त तितकी ही खोडाखोड जास्त. पण ती संख्येच्या वर्गमुळाच्या गतीने होते. अचूकता दुप्पट हवी असेल तर माणसं चौपट लागतात. सर्वेक्षणं हजार-दोन हजारांवर का थांबतात याचं कारण या वर्गमुळात आहे. त्यापुढे पैसा वेगाने खर्च होतो आणि अचूकता मुंगीच्या पावलांनी वाढते.

आता हा हिशेब मुंबईच्या आकड्यांवर करून पाहू. या सर्वेक्षणावरचा शोधनिबंध नंतर ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात आला. त्यात झोपडपट्ट्यांमधले ४,२०२ आणि बिगर झोपडपट्टीतले २,७०२ जण धरले आहेत. झोपडपट्टीतल्यांपैकी ५४.१ टक्के जणांची चाचणी सकारात्मक आली.

सूत्र शाळेतल्या गणिताएवढं आहे. ‘हो’चं प्रमाण ०.५४१, ‘नाही’चं ०.४५९. दोघांचा गुणाकार सुमारे ०.२४८. त्याला माणसांच्या संख्येने, म्हणजे ४,२०२ ने भागायचं आणि वर्गमूळ काढायचं. उत्तर येतं ०.००७७, म्हणजे पाऊण टक्क्याहून किंचित जास्त. ही झाली नशिबाची नेहमीची लहर. तिची जवळजवळ दुप्पट (काटेकोरपणे १.९६ पट) केली की दीड टक्का येतो. ५४.१ मधून दीड वजा करा, ५४.१ मध्ये दीड मिळवा: ५२.६ ते ५५.६. शोधनिबंधात छापलेला पट्टा आहे ५२.७ ते ५५.६. कागद-पेन्सिलीने केलेला हिशेब दशांशाच्या फरकाने जुळतो.

या पट्ट्याला संख्याशास्त्रात विश्वास अंतराल म्हणतात. बिगर झोपडपट्टीचं प्रमाण १६.१ टक्के होतं. त्याला हेच सूत्र लावलं की सुमारे १४.७ ते १७.५ असा पट्टा येतो. दोन्ही पट्टे शेजारी ठेवून पाहा. मधे इतकी मोकळी जागा आहे की लहर चौपट धरली तरी ते एकमेकांना शिवत नाहीत. या सर्वेक्षणाचा सर्वांत भक्कम निष्कर्ष मला हाच वाटतो. नेमके ५४ की ५७ यावर वाद घालता येईल. पण एकाच विभागात, रस्त्याच्या दोन बाजूंना, साथीचे दोन वेगळे इतिहास घडत होते, हे नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही. सार्वजनिक शौचालयं, सामाईक नळ आणि दाटी ही कारणं तेव्हाच सांगितली गेली होती.

पंचाण्णव कशाचे?

या पट्ट्यासोबत ‘९५ टक्के विश्वास’ असे शब्द येतात, आणि शिकलेली माणसंही त्यांचा अर्थ चुकीचा लावतात. ‘खरा आकडा या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के’ असं सर्रास म्हटलं जातं. मूळ कल्पना थोडी वेगळी आहे.

घाटकोपरच्या एन विभागाबद्दल एक प्रश्न आहे असं समजा: किती टक्के घरांत पिण्याचं पाणी उकळून घेतात? खरा आकडा काहीतरी आहे, तो ठरलेला आहे, फक्त आपल्याला माहीत नाही. एकाच दिवशी शंभर पथकं निघाली. प्रत्येकाने स्वतंत्रपणे ४०० घरं रँडम निवडली, विचारलं, आणि आपापला पट्टा काढला. पथकागणिक घरं वेगळी, म्हणून पट्टेही वेगळे. कुणाचा ५८ ते ६८, कुणाचा ६१ ते ७१. या शंभर पट्ट्यांपैकी सुमारे ९५ पट्ट्यांत खरा आकडा सापडेल, पाचेक पथकांचा पट्टा त्याला चुकवून जाईल. चुकलेल्या पथकांनी काही गैर केलेलं नसेल, आणि आपण चुकलो हे त्यांना कळणारही नाही. प्रत्यक्षात शंभर पथकं नसतात, एकच असतं. आपलं पथक त्या ९५ मधलं आहे असं मानून आपण चालतो.

म्हणजे ९५ हा पद्धतीचा गुण आहे, एखाद्या निकालाचा नाही. खरा आकडा हलत नसतो, हलतो तो पट्टा. आणि ९५ च का? हा केवळ रूढ झालेला संकेत आहे. ९९ टक्के खात्री हवी असेल तर पट्टा सुमारे तीस टक्के रुंद करावा लागतो. जास्त खात्री हवी असेल तर कमी नेमकं बोलावं लागतं.

[चौकट: किती माणसं, किती कमी-अधिक?
रँडम निवड आहे असं धरून, ९५ टक्के विश्वासाचा, जास्तीत जास्त रुंद पट्टा:
१०० जण — सुमारे १० टक्के कमी-अधिक
४०० जण — सुमारे ५ टक्के
१,००० जण — सुमारे ३ टक्के
२,५०० जण — सुमारे २ टक्के
१०,००० जण — सुमारे १ टक्का
लक्षात ठेवायची युक्ती: १ ला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा. प्रमाण ५० टक्क्यांपासून दूर, म्हणजे ५ किंवा ९५ कडे गेलं, की पट्टा याहून अरुंद होतो.]

या चौकटीचा एक उपयोग लगेच करून पाहता येतो. संपूर्ण मुंबईचं हजार जणांचं सर्वेक्षण झालं आणि बातमीत ‘मुलुंडकरांचा कौल’ असा वेगळा रकाना आला. लोकसंख्येच्या हिशेबाने त्या हजारांत मुलुंडचे सुमारे २७ जण असतील. २७ जणांचा पट्टा होतो १९ टक्के कमी-अधिक. ‘मुलुंडमध्ये ६० टक्के लोक समाधानी’ या वाक्याचा अर्थ मग ४१ ते ७९ मधलं काहीही असा निघतो. शहराबद्दल बोलण्यासाठी हजार पुरतात. २०२० मधल्या चोवीस विभागांबद्दल वेगवेगळं, तेवढ्याच अचूकतेने बोलायचं असेल तर चोवीस हजार लागतात.

सातारा जिल्ह्यातून लंडनला

विश्वास अंतरालाची कल्पना पोलिश संख्याशास्त्रज्ञ येझी नेमन यांची. १९३४ मध्ये त्यांनी रँडम नमुना का आणि कसा घ्यावा याची मांडणी केली, १९३७ मध्ये अंतरालाचा सिद्धान्त सविस्तर मांडला. त्या काळात ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते. त्यांच्या विद्यार्थ्यांत एक मराठी तरुण होता: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म १९११, खटाव तालुक्यातलं बुध हे गाव. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. आणि मग लंडनला नेमन आणि ईगॉन पिअर्सन यांच्याकडे संशोधन. नमुना निवडीच्या नेमन यांच्या सिद्धान्तावर सुखात्म्यांचा निबंध १९३५ मध्येच प्रसिद्ध झाला. ही विद्या जगात नवी होती तेव्हाच ती आपल्या एका माणसाच्या हाती आली होती, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना माहीत आहे, आणि याची मला खंत वाटते.

सुखात्मे परत आले ते शेतीच्या आकड्यांकडे. देशात गहू-तांदूळ किती पिकतं हे तोवर पाहणी करणाऱ्याच्या नजरेच्या अंदाजाने, आणेवारीने ठरत असे. त्यांनी रँडम निवडलेल्या शेतांत रँडम जागी आखलेला तुकडा कापून, मळून, धान्य तोलायची पद्धत देशभर रुजवण्यात मोठा वाटा उचलला. तुकडा किती मोठा घ्यायचा हा तेव्हा वादाचा मुद्दा होता. लहान तुकडा स्वस्त पडतो, वेळ वाचतो, तेवढ्याच खर्चात जास्त तुकडे कापता येतात. जास्त तुकडे म्हणजे अरुंद पट्टा.

सुखात्म्यांनी १९४० च्या दशकात दाखवून दिलं की फार लहान तुकडे उत्पन्न फुगवून दाखवतात. तुकड्याच्या कडेवर उभं असलेलं ताट आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत ते आत ओढतो. तुकडा मोठा असेल तर कडेवरची चार ताटं एकूण धान्यात बुडून जातात. तुकडा लहान असेल तर त्याचा बराचसा भाग कडच असतो, आणि चूक मोठी होते. ही चूक दर तुकड्यात एकाच दिशेने होते, त्यामुळे तिची खोडाखोड होत नाही. हजार तुकडे कापा की दहा हजार. पट्टा अरुंद होत जाईल, पण तो एका फुगलेल्या आकड्याभोवती आवळत जाईल.

नशिबाची लहर आणि एकाच दिशेचा कल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वास अंतराल फक्त पहिलीबद्दल बोलतो, दुसरीबद्दल त्याला काहीच सांगता येत नाही. पुढे सुखात्मे संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला गेले, १९५४ मध्ये त्यांचा सर्वेक्षणांवरचा इंग्रजी ग्रंथ आला, अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासला. पण कडेवरच्या ताटाचा धडा मला त्या सगळ्याहून मोलाचा वाटतो, कारण शहरातल्या सर्वेक्षणांतही अशी ताटं जागोजागी उभी असतात.

दार उघडलंच नाही तर

जुलै २०२० मध्ये ८,८७० नमुने अपेक्षित होते, मिळाले ६,९३६. शंभरांतल्या सुमारे बावीस जणांचं रक्त मिळालं नाही. ही माणसं मिळालेल्यांसारखीच होती का? त्या दिवसांत पॉझिटिव्ह निघालो तर विलगीकरण केंद्रात नेतील, मजला सील होईल ही धास्ती खरी होती. तापाने महिनाभरापूर्वी आजारी पडलेला कुणी उत्सुकतेने हात पुढे करेल, दुसरा त्याच कारणाने दाराआड राहील. कल कोणत्या बाजूला गेला असेल हे रक्तावरून कळत नाही, आणि दीड टक्क्याच्या पट्ट्यात या बावीस जणांना जागा नाही.

उपनगरांत सर्वेक्षण करणाऱ्यांचा अनुभव सांगतो की चाळीत आणि वस्तीत दिवसा दारं उघडी असतात, पण कामावर गेलेले पुरुष सापडत नाहीत. सोसायट्यांमध्ये वॉचमन गेटवरच अडवतो, सेक्रेटरीची परवानगी हवी असते, आणि वर पोहोचलं तरी जाळीच्या दारातून ‘नको’ येतं. चांगलं सर्वेक्षण पुन्हापुन्हा जाऊन तीच घरं गाठतं. वाईट सर्वेक्षण शेजारचं उघडं दार घेतं आणि संख्या पूर्ण करतं. कागदावर दोन्हींचा पट्टा सारखाच दिसतो.

दुसरी गोष्ट, एकाच गल्लीतून वीस जण घेतले तर ते वीस स्वतंत्र साक्षीदार नसतात. नळ एक, शौचालय एक, हवा एक. एकाला लागण झाली तर शेजाऱ्याला होण्याची शक्यता जास्त. असे वीस जण शहरभर विखुरलेल्या आठ-दहा जणांइतकीच नवी माहिती देऊ शकतात. साधं सूत्र त्यांना वीसच मोजतं, म्हणून पट्टा खऱ्यापेक्षा अरुंद येतो. जाणकार मंडळी हे धरून तो रुंद करतात. ज्या अहवालात याचा उल्लेखही नसतो, त्यातल्या पट्ट्याकडे मी जरा सावधपणे पाहते.

तिसरी, चाचणी स्वतः चुकते. लागण होऊन गेलेल्या शंभरांपैकी समजा नव्वद जणांनाच ती पकडत असेल, तर ५४ टक्के दिसलेलं प्रमाण प्रत्यक्षात ६० असेल. मुंबईच्या शोधनिबंधात अशी दुरुस्ती केली आहे, आणि त्यानंतर झोपडपट्टीचं प्रमाण ५८.४ टक्क्यांपर्यंत आणि बिगर झोपडपट्टीचं १७.३ पर्यंत जातं. एकाच सर्वेक्षणातून मग तीन आकडे आपल्यासमोर येतात: प्रथम जाहीर झालेला ५७, चाचणीने थेट दिलेला ५४.१, दुरुस्त केलेला ५८.४. त्यांतल्या सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यातलं अंतर दीड टक्क्याहून मोठं आहे. हिशेब कसा केला यानेच आकडा लहरीपेक्षा जास्त हलला.

चौथी, बेरीज. सगळे ६,९०४ जण एकत्र केले तर सुमारे ३९ टक्के बाधित निघतात. हा आकडा कुणाचाच नाही. नमुन्यात झोपडपट्टीतले लोक साठ टक्क्यांहून जास्त होते, २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहरात ते सुमारे ४२ टक्के. शहरातल्या वाट्याप्रमाणे वजन दिलं तर तेच प्रमाण ३२ वर येतं. (तीन विभागांवरून सगळ्या शहराबद्दल बोलता येत नाही, पण वजनाने केवढा फरक पडतो हे यावरून दिसतं.) दोन्ही गटांतून मुद्दाम मोठे नमुने घेणं यात गैर काही नाही, उलट तेच शहाणपणाचं होतं. फक्त एकत्र करताना वजन द्यायचं विसरलं की एका टक्क्याच्या अरुंद पट्ट्यासह सात टक्क्यांची चूक छापून येते.

मोठा नमुना, कमी भरवसा

मार्च २०२१ मध्ये पालिकेने आणखी एक सेरो सर्वेक्षण केलं. या वेळी चोवीसही विभाग, १०,१९७ नमुने. प्रतिपिंडं आढळली ३६.३ टक्के जणांत. पट्टा काढा: एक टक्काही कमी-अधिक नाही. जुलै २०२० पेक्षा नमुना मोठा, पट्टा अरुंद, आणि सगळं शहर व्यापलेलं.

तरीही मला विचाराल तर जुलै २०२० चा रुंद पट्टा मी आधी निवडेन. मार्चचे नमुने दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत इतर तपासण्यांसाठी आलेल्या लोकांच्या रक्तातून घेतलेले होते. त्यात वेळ आणि पैसा वाचला, आणि साथीच्या काळात तेही महत्त्वाचं होतं. पण दवाखान्यात येणारी माणसं म्हणजे वस्ती नव्हे. कुणी आजारी म्हणून येतं, कुणी खर्च झेपतो म्हणून येतं, कुणी येतच नाही. अशा नमुन्यावरून काळानुसार बदल पाहता येईल, जर दर वेळी त्याच प्रकारचे लोक येत असतील तर. पण २०२० मध्ये झोपडपट्टीत ५७ आणि २०२१ मध्ये ४१.६ म्हणून ‘प्रतिकारशक्ती घटली’ असं म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची वजाबाकी करणं आहे.

ऑगस्ट २०२० मधल्या दुसऱ्या फेरीची गोष्ट जास्त विचार करायला लावणारी आहे. विभाग तेच तीन, नमुने ५,३८४, आणि झोपडपट्टीतलं प्रमाण ५७ वरून सुमारे ४५ वर आलेलं. साथ तर चालूच होती. एकदा होऊन गेलेली लागण उलटी फिरत नाही. बारा टक्क्यांची घट हे लहरीचं काम नाही, कारण लहर दोन टक्क्यांच्या आसपास आहे. मग कारण दुसरीकडे शोधावं लागतं: निवडलेली माणसं वेगळी होती का, किंवा चाचणी ज्या प्रतिपिंडांना ओळखत होती ती काही आठवड्यांत ओसरू लागली होती का. नशीब नव्हतं एवढं पट्टा खात्रीने सांगतो. तिथून पुढे शोध सुरू होतो.

अंधेरीतली ४८ मतं

जून २०२४ मध्ये मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल लागला. अंधेरी पूर्व, अंधेरी पश्चिम, वर्सोवा, जोगेश्वरी, गोरेगाव, दिंडोशी या भागातला हा मतदारसंघ. रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ मतं, अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६. फरक ४८.

मतदानाच्या आदल्या दिवशी इथे हजार जणांचं अगदी निर्दोष सर्वेक्षण केलं असतं तर? पट्टा तीन टक्के कमी-अधिक, म्हणजे या दोघांच्या मतांच्या मापात २७ हजारांहून जास्त मतं इकडे किंवा तिकडे. उलटा हिशेब करून पाहिला: ४८ मतांचा फरक दिसेल इतका अरुंद पट्टा हवा असेल तर सूत्र सव्वाशे कोटींहून जास्त माणसं मागतं. दोघांची मिळून मतं नऊ लाख पाच हजार. म्हणजे प्रत्येक मत मोजण्यावाचून मार्ग नव्हता. ‘दोघांत दोन टक्क्यांचा फरक, पट्टा तीन टक्क्यांचा’ अशी बातमी असेल तेव्हा कोण पुढे आहे हे सर्वेक्षणाला माहीत नसतं, आणि मथळ्यात कुणाला तरी पुढे दाखवलेलं असलं तरी ते तसंच राहतं.

शून्य सापडलं तर

पावसाळ्यात पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं टाक्या, पिंपं, कुंड्याखालच्या ताटल्या तपासत फिरतात, डेंग्यूच्या एडिस डासांच्या अळ्या शोधतात. समजा बोरिवलीतल्या एका मोठ्या संकुलात रँडम ६० घरं तपासली आणि एकाही घरात अळी सापडली नाही. सूत्रात शून्य घाला: शून्य गुणिले एक, भागिले साठ, वर्गमूळ शून्य. पट्टा शून्य ते शून्य. सूत्र सांगतं की संकुल शंभर टक्के स्वच्छ आहे.

इथे हे सोपं सूत्र कोलमडतं. ‘हो’ किंवा ‘नाही’ अगदी मोजकेच असतील तेव्हा ते वापरायचं नसतं. अमेरिकेतल्या एडविन विल्सन यांनी १९२७ मध्ये सुचवलेला सुधारित हिशेब अशा वेळी चांगला चालतो. आणि शून्यासाठी तर त्याहून सोपा नियम आहे: ३ ला तपासलेल्या संख्येने भागा. साठ घरांत शून्य, तर ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के. संकुलात पाच टक्क्यांपर्यंत घरांत अळ्या असू शकतात आणि तरीही साठ घरांत एकही न सापडणं अशक्य नाही. चारशे घरांचं संकुल असेल तर ती वीस घरं झाली. वरची मर्यादा एका टक्क्यावर आणायची असेल तर साठांऐवजी तीनशे घरं तपासावी लागतील, आणि त्यांत कुलूप असलेली, पुन्हा जावं लागणारी घरंही धरावी लागतील.